दमणुकीचा नफा

बँकेतून निवृत्त झाले आणि जपानी शिकायला लागले. पहिल्या पंधरा दिवसांत अकरा जणांनी मला एकच प्रश्न विचारला : "फायदा काय?" आकडा पक्का आहे. चौतीस वर्षं काउंटरमागे काढलेलं माणूस काहीही मोजतं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, नणंदेनं विचारलं, सोसायटीच्या वॉचमननं विचारलं. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, पण ते मी एकाच खात्यावर जमा धरलं. विचारलं नाही ते फक्त कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आक्कांनी. त्यांना वेगळंच हवं होतं. "जपानात मेथी मिळती का हो ताई?"

क्लासात माझ्याभोवती बावीस-तेवीस वर्षांची मुलं. पुण्यात जपानी शिकणं हे काही आता नवलाचं राहिलेलं नाही, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाचा फायदा खिशात तयार असतो. एकाला कंपनी परीक्षेमागे भत्ता देणार होती, एकीला ओसाकाला जायचं होतं, एकाला अ‍ॅनिमे खालच्या पट्ट्या न वाचता बघायचे होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला काही फायदा नको आहे." पोरं हसली. सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, हसल्या नाहीत. त्या ओसाकात सात वर्षं राहून आलेल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काकू, मग तुम्हाला फायद्याचेच शब्द आधी शिकवायला हवेत." आणि फळ्यावर एक अक्षर काढलं.

उच्चार 'तोकु'. डावीकडे रस्ता, उजवीकडे वर शिंपला, खाली हात. वाटेनं जाताना शिंपला दिसला, उचलला, झाला फायदा. शिंपला म्हणजे अर्थात कवडी. जुन्या चीनमध्ये कवड्या चालत, आणि ही अक्षरं तिथूनच जपानात आली. आज 'तोकु' लिहिताना त्यातली कवडी इतकी झिजली आहे की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही, पण तिची भावंडं इतर अक्षरांत ठणठणीत आहेत. खरेदीच्या पोटात कवडी, खर्चाच्या पोटात कवडी, बचतीच्या आणि संपत्तीच्याही. 'गरीब' ह्या अक्षरात वर 'वाटणे' आणि खाली कवडी : वाटून वाटून संपलेली. मी वहीच्या चौकटींत अकरा फटकाऱ्यांचा 'तोकु' गिरवत बसले आणि आपलं कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी असं सगळं एकामागून एक आठवत गेलं. आपण कवडी बोलण्यात जपली, त्यांनी लिहिण्यात.

'तोकु'च्या समोरच्या पानावर 'सोन'. म्हणजे तोटा. मराठी कानाला हे पचायला जरा वेळ लागतो. सराफकट्ट्यावरचे अलीकडचे भाव बघितल्यावर मला मात्र पटायला लागलं आहे.

हे दोन्ही शब्द जपान्यांनी चिनी भाषेतून घेतले, म्हणजे नफाही बाहेरचा आणि तोटाही बाहेरचा. आपला हिशेब मजेशीर आहे. नफा अरबी, फायदा अरबी, किफायत अरबी, बरकतसुद्धा अरबीच; फारशीच्या बोटाला धरून सगळे आपल्या पेढीवर येऊन बसले. तोटा तेवढा घरचा. 'तुटणे'च्या गणगोतातला. चौतीस वर्षं मी 'नफा-तोटा' हा जोडशब्द लिहिला आणि त्यातला अर्धा पाहुणा आहे हे कधी लक्षात आलं नाही. पाहुणा होता म्हणूनच बहुधा टिकत नसे.

खरी गंमत पुढे आहे. 'तोकु' ह्याच उच्चाराचं दुसरं एक अक्षर आहे, आणि त्याचा अर्थ सद्गुण, पुण्य. कानाला फरक शून्य. माणूस बोलत असताना तो फायद्याबद्दल बोलतोय की पुण्याबद्दल, हे संदर्भावरून ओळखायचं. मी सेन्सेईंना म्हटलं, ही तर फसवाफसवी झाली. त्या म्हणाल्या, "काकू, आपल्याकडे 'अर्थ' म्हणजे काय?" मी गप्प बसले. शब्दाचाही अर्थच आणि अर्थसंकल्पातलाही अर्थच. वर पुन्हा 'ह्यात काही अर्थ नाही' असं म्हणताना नक्की काय नाही, ते सांगायचं बंधन नाही.

जपानच्या जुन्या शाळांच्या आवारात एका मुलाचा पुतळा असतो. पाठीवर मोळी, हातात उघडं पुस्तक, चालता चालता वाचतोय. हा निनोमिया सोनतोकु. १७८७चा जन्म, १८५६ला गेला. गरीब शेतकऱ्याचा पोरका पोरगा, पुढे कर्जात बुडालेली गावंच्या गावं काटकसरीनं आणि कष्टानं वर काढणारा. त्याच्या नावातला तोकु पुण्याचा. लिहिलं की 'पूज्य सद्गुण' असं काहीसं होतं. पण मोठ्यानं हाक मारली की ऐकू येतं 'तोटा-नफा'. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला ह्याहून चपखल नाव कुणी ठरवूनही दिलं नसतं.

ह्या दोन तोकुंचा घोळ एका म्हणीत अजून निवांत नांदतो आहे. 'हायाओकी वा सानमोन नो तोकु.' लवकर उठणाऱ्याला तीन मोनचा तोकु. काही जण इथं फायद्याचं अक्षर लिहितात, काही पुण्याचं, आणि दोघंही आपलंच बरोबर धरून चालतात. मला अक्षरापेक्षा रकमेत रस होता. मोन म्हणजे तांब्याचं नाणं. एदो काळाच्या अखेरीस सोबा शेवयांचा एक वाडगा सोळा मोनला मिळे. म्हणजे पहाटे उठून जे मिळतं त्यात वाडग्याचा पाचवा हिस्साही येत नाही. आपल्याकडे पहाटे उठणाऱ्याला आयुष्य, आरोग्य, विद्या, धन असं सगळं एकगठ्ठा कबूल केलेलं असतं. जपानी म्हण हात आखडता घेते. तीन मोन मिळतील, उठायचं तर उठा. मला हा व्यवहार स्वच्छ वाटला. मी पाचला उठून कांजी, म्हणजे ती चित्रलिपी, गिरवायला लागले.

डिसेंबरात जपानीची एन-४ पातळीची परीक्षा झाली. एकशे ऐंशी गुणांची, पास व्हायला नव्वद. निकाल लागला : सत्त्याऐंशी.

तीन कमी. नेमके तीन मोन.

ऐकण्याच्या पेपरात मी घसरले होते. जपानी बाया इतक्या भराभरा बोलत होत्या की टोपी कुणाची हरवली आणि कुठल्या स्टेशनवर, ह्यातलं मला फक्त 'टोपी' कळलं. सेन्सेईंना फोन केला तेव्हा त्यांनी सांत्वन केलं नाही; एक म्हण दिली. 'होनेओरि-झोन नो कुताबिरे मोउके.' हाडं मोडल्याचा तोटा आणि दमणुकीचा नफा.

मी ती तीनदा लिहून घेतली. ह्यातला 'मोउके' हा शब्द अस्सल जपानी मातीतला, कमाई ह्या अर्थाचा. हाडाची काडं केली, हाती काही आलं नाही, हे प्रत्येक भाषेला सांगता येतं. पण हे लोक तेवढ्यावर वही मिटत नाहीत. नावेच्या बाजूला तुटलेली हाडं लिहिली, मग जमेला काहीतरी दाखवायला नको का? जमेला काय आलं? दमणूक आली. लिहा : दमणूक, जमा.

आम्ही संगणकाच्या आधीचे बँकवाले. रात्री खतावणीच्या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. एका एकतीस मार्चला साठ पैशांची तफावत निघाली. तीन जण बसलो. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, मग एक अंडाभुर्जीची झाली. मी शाकाहारी, पाव खाल्ला. सव्वा वाजता एकानं साठ पैसे पकडले : सातावरची आडवी रेघ नीट न उमटल्यामुळे तो एकासारखा दिसत होता. आनंदानं आम्ही एकमेकांशी हस्तांदोलन केलं. रिक्षावाल्यानं रात्रीच्या दरानं अडतीस रुपये घेतले. आम्ही तेव्हा काय कमावलं ह्याला मराठीत शब्द नव्हता. वीस-पंचवीस वर्षांनी जपानीत सापडला.

ह्याच 'मोउके'चं एक सुखी रूप आहे, 'मारुमोउके' : अख्खाच्या अख्खा नफा, भांडवल शून्य. जुनी म्हण भटजीबुवांवर आहे : बौद्ध भिक्षूचा सगळा मारुमोउके, कारण मंत्राला माल लागत नाही. आणि साम्मा नावाचे त्यांच्याकडचे फार लोकप्रिय विनोदी नट आहेत, त्यांचं आवडतं वाक्य असं की नुसतं जिवंत असणं हाच मारुमोउके. वाक्यावर त्यांचा एवढा जीव की त्यातली अक्षरं जोडून लेकीचं नाव ठेवलं, इमारु. आपल्याकडे हौशी बाप आईबापांच्या नावांची आद्याक्षरं जोडून लेकीचं नाव करतात. ताळेबंदातून नाव काढणारा बाप मी पहिल्यांदाच ऐकला.

नफ्याच्या सगळ्या म्हणी मी वहीच्या शेवटच्या पानांवर गोळा करू लागले. काही ओळखीच्या निघाल्या. शिंपला आणि पाणपक्षी एकमेकांना धरून बसतात आणि कोळी दोघांना उचलतो, ही चीनमधून आलेली गोष्ट म्हणजे आपलं दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. 'ताना कारा बोतामोची' म्हणजे फळीवरून थेट तोंडात पडलेला गोड लाडू. चिकट भात आणि लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण. हा शब्द आता आखडून 'तानाबोता' एवढाच उरला आहे. आयतं मिळणाऱ्याला अख्खी म्हण म्हणायचेही कष्ट नकोत.

'नुरेते दे आवा' मात्र मी घरी करून पाहिली. ओल्या हातानं आवा. आवा म्हणजे राळे, आपण भोगीला ज्याचा भात करतो ते. ओला हात राळ्यात घातला की न वेचता मूठभर दाणे आपसूक चिकटतात. बिनकष्टाच्या घसघशीत कमाईला तिकडे असं म्हणतात. दुपारी हे झोपलेले बघून मी राळ्याचा डबा उघडला, हात नळाखाली धरला आणि मनगटापर्यंत बुडवला. वर काढला तो सोनेरी हातमोजा! म्हण शंभर टक्के खरी आहे. तिचा उत्तरार्ध मात्र त्यांनी सांगितलेला नाही. हे दाणे सुटत नाहीत. झटकले तर ओट्यावर उडतात, धुतले तर बेसिनच्या जाळीत अडकतात, फडक्याला पुसले तर फडकं कामातून जातं. बांगड्यांच्या मधले मी टाचणीनं काढले. संध्याकाळी ह्यांच्या चहात एक तरंगत होता. "हे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "फायदा."

बऱ्याच जपानी लोकांनासुद्धा ही म्हण चुकीची ऐकू येते म्हणे. 'आवा' म्हणजे फेससुद्धा. त्यामुळे त्यांना वाटतं, ओल्या हाताला फेस. साबणाचा. बेसिनशी उभी असताना मला त्यांचीच बाजू पटली.

नफ्याच्या म्हणींचा राजा मात्र वेगळाच आहे : वारा सुटला की टिपवाला मालामाल. टीप म्हणजे लाकडी बालदी, पिंप वगैरे; ती करणारा तो ओकेया. आता बघा. वारा सुटतो, धूळ उडते. धूळ डोळ्यांत जाऊन माणसं आंधळी होतात. त्या काळी अंध माणसं शामिसेन हे तंतुवाद्य वाजवून पोट भरत, म्हणजे शामिसेनना मागणी येते. शामिसेनवर मांजराचं कातडं ताणतात, म्हणजे मांजरं कमी होतात. मांजरं कमी झाली की उंदीर माजतात. उंदीर लाकडी टिपं कुरतडतात. लोक नवी टिपं घ्यायला धावतात. मधे आंधळ्यांचं काय झालं, मांजरांचं काय झालं, ह्याची चौकशी म्हण करत नाही. तिचं लक्ष टिपवाल्याच्या गल्ल्यावर. मी हे क्लासात ऐकून थक्क झाले होते, पण मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "काकू, शेअर बाजारातले सल्ले असेच असतात." ते खरं आहे. आमच्या शाखेत एक जण पाऊस लांबला की शेअर घ्यायचा, आणि त्याची साखळी ह्याहून लांब असायची. फक्त शेवटी टिपवाला तो कधी नसायचा.

आता जरा ऑफिसातला शब्द. 'रिएकी', म्हणजे अधिकृत नफा, ताळेबंदातला. अक्षरं दोन. पहिल्यात डावीकडे धान्याचं ताट, कणसासकट, आणि उजवीकडे सुरी. पीक आणि विळा. नफा म्हणजे कापणी. हेच अक्षर 'धारदार' ह्या अर्थानंही येतं. दुसरं अक्षर मला फार आवडतं. खाली थाळी आणि वर आडवं झालेलं पाणी : भांडं भरून वाहतंय. उतू चाललंय. आपण नव्या घरात शिरताना दूध मुद्दाम उतू घालवतो, तेव्हा भरभराट दिसते ती अशीच, शेगडीवर. एरवी मात्र उतू जाण्याचा आपल्याला धाक आहे; आपल्या कहाण्यांत उतणं नेहमी मातण्याच्या शेजारी बसतं.

गंमत अशी की हीच दोन अक्षरं, एका फटकाऱ्याचाही फरक न करता, देवळात गेली की 'गोरियाकु' होतात : देवाची कृपा, नवसाचं फळ. कंपनीच्या अहवालात रिएकी, देवाच्या दारी गोरियाकु. आधी मला हे दुटप्पी वाटलं. मग आमच्या गल्लीतला फलक वाचला : तमाम भाविकांनी महाप्रसादाचा लाभ घ्यावा. तोच लाभ दिवाळीत चोपडीच्या पहिल्या पानावर शुभच्या शेजारी असतो. माझ्या आजोळी खळ्यावर धान्य मापताना मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. लहानपणी मला वाटे, त्याला एक हा आकडा येत नाही.

सेन्सेईंचं मन मात्र ओसाकाच्या बाजारात. व्यापाऱ्यांचं शहर. तिथला नमस्कार म्हणजे 'मोउकारिमाक्का?', कमाई होतेय ना? आणि उत्तर 'बोचिबोचि देन्ना', चाललंय आपलं बेताबेतानं. आज असं खरं कुणी म्हणत नाही, असं ओसाकाची माणसंच सांगतात. बाहेरचे मात्र म्हणवून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. उत्तर मला घरचं वाटलं. धंदा कसा काय, विचारलं तर 'जोरात आहे' म्हणणारा दुकानदार मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. कर्ज मागायला येईपर्यंत सगळे बोचिबोचि.

त्या बाजारात भाव कमी करण्याला 'माकेरु' म्हणतात. शब्दशः हरणे. दुकानदार तुमच्यापुढे हरतो. आणि वर काही फुकट दिलं तर ते 'ओमाके' : आदरार्थी उपसर्ग लावलेली हार. आपण झुकतं माप म्हणतो, त्यात तागडी वाकते. तिकडे माणूस वाकतो. ह्यावर कडी म्हणजे 'बेंक्यो'. आम्ही पहिल्याच धड्यात शिकलो, बेंक्यो सुरु, म्हणजे अभ्यास करणे. ओसाकाचा दुकानदार 'बेंक्यो करतो' म्हणाला तर तो तुमच्यासाठी किंमत खाली आणतोय. मूळ अर्थ जिवावर उदार होऊन नेट लावणे, तो दोघांनाही लागू. सेन्सेई म्हणाल्या, नवीन असताना त्यांनी एका पंख्याच्या दुकानात हे ऐकलं आणि म्हातारबुवांना शुभेच्छा देऊन तशाच बाहेर पडल्या.

एक शब्द विषयाच्या जरा कडेचा आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानी बायका नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात. हा आपला 'दान'. बौद्ध धर्माबरोबर गेला, तेव्हा दान देणारा तो दान्ना; मग आश्रयदाता, मग दुकानाचा मालक, आणि घसरत घसरत नवरा. मला हसू येणार होतं, तेवढ्यात 'आमचे यजमान' आठवले. यज्ञाचा खर्च सोसणारा तो यजमान. म्हणजे दोन भाषांनी एकमेकींना न विचारता नवऱ्याची नेमणूक एकाच खात्यात केली : पैसे भरणारा. घरी येऊन ह्यांना सांगितलं. "फायदा काय झाला?" असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी पाकीट जरा आत सरकवलं.

धाकटा लेक योकोहामात असतो. एप्रिलमध्ये त्यानं बोलावलं. नापास विद्यार्थिनीची सहल. तिथून कामाकुरा जवळ, आणि कामाकुरात 'झेनिआराई बेंतेन', पैसे धुण्याचं देऊळ. बेंतेन म्हणजे बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. वीणेच्या जागी बिवा हे त्यांचं वाद्य मांडीवर, बाकी ओळख पटायला अडचण नाही. हिच्या नावातलं मधलं अक्षर 'झाइ' पूर्वी बुद्धीचं होतं. पुढे कुणीतरी त्याच उच्चाराचं दुसरं घातलं, त्याचा अर्थ संपत्ती. हो, त्याच्या पोटात कवडी आहे. एका अक्षराच्या बदलानं विद्येच्या देवतेकडे तिजोरी आली. लक्ष्मी तिकडे किचिजोतेन नावानं आहे, पण लोकांची रांग बेंतेनकडे. सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत, असं आपण म्हणत बसलो. तिकडे सरस्वती एकटी दोन्ही खाती सांभाळते.

स्टेशनपासून चालत वीस-पंचवीस मिनिटं, आणि शेवटचा चढ असा की माझ्या गुडघ्यांनी 'होनेओरि-झोन' अस्खलित उच्चारलं. डोंगरात कोरलेल्या बोगद्यातून आत जायचं. मग मोकळं अंगण, उदबत्तीचा धूर, आणि एका गुहेत झरा. वेताच्या टोपलीत पैसे ठेवायचे, पळीनं त्यावर पाणी घालायचं. धुतलेले पैसे वाढतात. अट एक : ते खर्च करायचे, साठवायचे नाहीत. बँकेची ठेव योजना चालवणाऱ्या कुणी ही अट लिहिलेली नाही, हे उघड होतं.

माझ्या टोपलीत तीन जिनसा. एक पाच येनचं नाणं, पितळी, मधे भोक, त्यावर भाताची लोंबी. पाच येन म्हणजे 'गोएन', आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंधही. म्हणून देवापुढे हेच टाकतात. शब्दश्लेषावर चालणारं चलन मी प्रथमच हाताळत होते. दुसरं, पर्सच्या तळाशी सापडलेलं आपलं दहा रुपयांचं नाणं. तिसरी, लेकानं दिलेली दहा हजार येनची नोट. शेजारची बाई नोटा खुशाल बुचकळून रुमालात टिपत होती. मला धीर होईना. नोटेवर लिहू नका, नोट मोडू नका, भिजवू नका, हे मी लोकांना निम्मं आयुष्य सांगितलंय.

शिवाय नोटेवरचे गृहस्थ आमच्याच धंद्यातले. २०२४च्या जुलैपासून तिथं शिबुसावा एइइची आहेत. १८७३ साली जपानची पहिली आधुनिक बँक उभी करणारे, आणि सुमारे पाचशे कंपन्यांना हात लावलेले. १९१६ साली त्यांच्या विचारांचं पुस्तक निघालं, त्याचं नावच कन्फ्यूशियसची वचनं आणि गणकचौकट. सगळं सांगणं हेच की एका तोकुला सोडून दुसरा तोकु टिकत नाही. आणि ह्या माणसाचा मुंबईशी व्यवहार झालेला आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले तेव्हा दोघे भेटले. मुंबईचा कापूस जपानच्या गिरण्यांना हवा होता, पण बोटींवर पी अँड ओ ह्या इंग्रज कंपनीची पकड, आणि भाडं ती म्हणेल ते. त्याच वर्षी नोव्हेंबरात निप्पोन युसेन ह्या जपानी कंपनीची बोट कोबेहून मुंबईला निघाली. इंग्रज कंपनीनं भाडं धाडकन पाडलं. जपानी गिरणीवाल्यांनी करार करून ठेवला होता, स्वस्त मिळालं तरी माल आपल्याच बोटीनं आणायचा. 'सोन शिते तोकु तोरे' : तोटा सोस, मग तोकु घे. तिकडची दुकानदारांची म्हण आहे, ती ह्या लोकांनी समुद्रावर वापरली.

अशा माणसाला गुहेत आंघोळ घालायची. मी नोटेचा फक्त कोपरा ओला केला. शिबुसावांचा चेहरा कोरडा राहिला. मग नाण्यांवर मात्र मनसोक्त तीन पळ्या घातल्या.

नोट संध्याकाळी लेकानंच जेवणावर उडवली. पाच येन मी वाटेतल्या दुसऱ्या देवळात टाकले. दहा रुपयांचं नाणं तेवढं राहिलं, कारण ते तिकडे खर्चणार कसं? ते पुण्याला आलं.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर गेले. आक्कांनी आधी मेथीची चौकशी केली. मी म्हटलं, मिळाली नाही, पालक मिळाला. "मग काय उपेग," असं म्हणून त्यांनी कोथिंबिरीची जुडी झटकली. दहाला एक. मी मोठ्या रुबाबात ते धुतलेलं नाणं पुढे केलं.

आक्कांनी ते उलटसुलट केलं आणि परत दिलं. "हे चालत नाय ताई. कुणी घेत नाय आमच्याकडून."

मी चिडले नाही. हा प्रश्न काउंटरवर शंभर वेळा सोडवलेला. दहाची सगळी नाणी चालतात, रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेलं आहे, नाकारता येत नाही, हे मी नीट समजावून सांगितलं. शिवाय हे नाणं किती लांबच्या सरस्वतीच्या पाण्यात न्हालेलं आहे, तेही सांगितलं.

"तुमच्या बँकेत चालत आसंल," आक्का म्हणाल्या. "मी कुठं बँकेत भाजी इकते?"

पर्समध्ये दुसरे सुटे नव्हते. पाचशेची नोट होती, तिला त्यांनी नुसते हात जोडले. मी जुडी खाली ठेवायला लागले तशी त्यांनी ती माझ्या पिशवीत कोंबली. "र्‍हाऊ द्या. उद्या द्या." मग काहीतरी आठवल्यासारखं करून गोणपाटाखालून दोन हिरव्या मिरच्या आणि कढीलिंबाची एक काडी काढली आणि वर टाकली.

"बाई, हे कशाला?" मी म्हटलं.

"आसू द्या की," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

नाणं माझ्या मुठीत होतं. अजून थोडं ओलसर वाटलं, पण तो माझाच घाम असणार. मे महिना होता.